मेलवर काय टाकायचं, व्हॉट्सॲपवर काय भागवायचं

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक नवा पोरगा लागला. डिप्लोमा झालेला, हुशार, हात चालणारा. पहिल्याच आठवड्यात मला म्हणतो, "ताई, मेल कोण बघतं आता? ग्रुपवर टाका ना."

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपचं ऑफिस 2003 पासून सांभाळते. परचेस, चलन, बिलं, जीएसटी, पेमेंटसाठी मागे लागणं, आणि कुणी नसेल तर चहा सांगणंही. धातूचे भाग कापायची, संगणकावर चालणारी चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी मशिनं, तेवीस माणसं. मी लागले तेव्हा ड्रॉइंग फॅक्सवर यायचं. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडून जायची, म्हणून आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढून ठेवायची हे माझं पहिलं काम होतं. तेव्हा काय कुठे टिकतं आणि काय उडून जातं, हे बघायची सवय मला मेलच्या आधीपासूनची आहे.

त्या पोराचं म्हणणं निम्मं खरं आहे. "गाडी गेटवर आली", "प्लेटिंगवाल्याकडून माल निघाला का", "वीज गेली, दुसरी शिफ्ट उशिरा" असल्या गोष्टी मेलवर लिहिणारा माणूस वेडाच म्हणायचा. घरच्या गप्पांना तर मेल कोणी विचारतही नाही. उरलेलं निम्मं कुठे चुकतं, ते आम्ही पैसे मोजून शिकलो.

एका ग्राहकाचं फ्लँजचं (पाइप जोडायच्या चकत्यांचं) काम होतं, 180 नग. माल त्यांचा, मशिनिंग आमचं. मूळ ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे मधलं भोक, 35 मिमी. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या इंजिनिअरने आमच्या सुपरवायझर मामांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. प्रिंट काढलेलं ड्रॉइंग टेबलावर ठेवून, वरून ट्यूबलाइट चमकतेय अशा अवस्थेत काढलेला. 35 वर पेनाने काट मारून शेजारी नवा आकडा लिहिलेला. तो आकडा होता 36. पण सहाचं शेपूट वर वळलेलं, आणि व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, त्यामुळे मोठा करून बघितला की रेघा फुटायच्या. मामांनी 38 वाचलं. मीही बघितला असता तर 38 च वाचला असता.

बोअर लहान राहिला असता तर परत मशिनवर चढवून वाढवता आला असता. मोठा झालेला बोअर कमी होत नाही. 180 नग भंगारात, आणि वर त्यांच्या मालाच्या किमतीची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून वजा. आम्ही म्हटलं, बदल तुम्हीच कळवलात, आकडा नीट नव्हता. ते म्हणाले, दाखवा. तोपर्यंत मामांचा फोन कूलंटच्या टाकीत पडून गेलेला, बॅकअप कधी लावलेलाच नाही. तिकडचा इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला, आणि त्याचा नंबर त्याचा स्वतःचा होता, कंपनीचा नव्हता. दोन कंपन्यांमधला व्यवहार, आणि त्याचा कागद दोन माणसांच्या खिशात. एक खिसा भिजला, दुसरा निघून गेला.

त्या दिवसापासून आमच्याकडे जे चालतं ते खाली लिहितेय. यातलं बरंचसं सोसायटीच्या सेक्रेटरीला, क्लासवाल्याला, केटररला सुद्धा लागू पडेल.

आधी वाटणी करा

मेसेज लिहायला घेताना मी एकच विचारते: याबद्दल मला महिन्याभराने कोणी विचारेल का? विचारणार नसेल तर व्हॉट्सॲप. विचारू शकेल असं वाटलं तर मेल. माप, भाव, नग, तारीख, पेमेंटची मुदत, रिजेक्शन, "हो, करा" ही परवानगी, हे सगळं मेलवर. आणि ज्यात कुणाचं तोंड वाकडं होणार आहे ते आधी फोनवर. भांडण लिहून केलं की ते वाढतं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. बोलून मिटलं की काय ठरलं तेवढं मेलवर टाकायचं.

टीम्स, स्लॅक वगैरे मोठ्या कंपन्यांत चालतं. आमचे दोन ग्राहक टीम्सवर असतात. त्यांचा मेसेज आमच्या व्हॉट्सॲपवर येत नाही, आमचा त्यांच्याकडे जात नाही. मेलचं तसं नाही. मेल कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, 1982 मध्ये त्याच्या देवाणघेवाणीचे नियम ठरले आणि त्यांच्या जोरावर आज कोणाचाही मेल कोणाकडेही पोचतो. फ्रान्समधल्या ॲटोस या मोठ्या आयटी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख थिएरी ब्रेतों यांनी 2011 मध्ये जाहीर केलं होतं, तीन वर्षांत कंपनीतला अंतर्गत मेल शून्यावर आणू. मेल बराच कमी झाला, शून्य काही झाला नाही. त्यात नवल नाही. बाहेरच्या माणसाशी बोलायला सगळ्यांना चालेल असं दुसरं आहे काय?

त्याच दिवशी खातरजमेचा मेल

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. ग्राहकाला "व्हॉट्सॲपवर पाठवू नका" सांगून तो ऐकत नाही, आणि ऐकावं तरी का, तो शॉप फ्लोअरवर उभा असतो. त्याने तिकडे पाठवावं. आपण ते मेलवर आणायचं. आमचा नमुना असा, त्याच फ्लँजचं उदाहरण घेऊन (पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक):

विषय: पीओ 4512, फ्लँज, बोअर 35 ऐवजी 36, खातरजमा

नमस्कार सर,
आज संध्याकाळी 5.40 ला आपण आमच्या सुपरवायझरना व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो पाठवलात. त्यावरून आम्हाला समजलं ते असं: बोअर 35 ऐवजी 36 (छत्तीस) मिमी. टॉलरन्स तोच. बाकी मापं जुन्या ड्रॉइंगप्रमाणे. बदल पूर्ण 180 नगांना लागू.
फोटो सोबत जोडला आहे. आपला होकार आला की काम मशिनवर चढवू. उद्या सकाळी 10 पर्यंत होकार आला तर शनिवारची डिस्पॅच तारीख तशीच राहील.

एवढंच. "आपल्या बहुमूल्य सहकार्याबद्दल" वगैरे काही नाही. आकडा अक्षरातही लिहिलाय, चेकवर लिहितो तसा, म्हणजे सहाचा आठ होणार नाही. "आम्हाला समजलं ते असं" हे शब्द मुद्दाम आहेत. "तुम्ही असं सांगितलं" म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो, "आम्हाला असं समजलं" म्हटलं की तो चूक दुरुस्त करतो. आणि शेवटी तारीख त्याच्या होकाराला बांधलीय. पूर्वी मी "उत्तर आलं नाही तर होकार समजू" असं लिहायचे. आता मापाच्या बाबतीत नाही लिहीत. गप्प बसणं म्हणजे होकार, हे वाद झाला की कोणी मानत नाही.

हा मेल मराठीत पाठवायचा की इंग्रजीत? समोरच्याला जी भाषा पटकन वाचता येते तीत. चाकणच्या आमच्या एका ग्राहकाला मी सरळ मराठीत लिहिते. इंग्रजी मेलला दोन दिवस लागायचे, मराठीला दहा मिनिटांत "ओके ताई" येतं. ओके ताई चालतं. ते त्यांच्या कंपनीच्या पत्त्यावरून आलंय ना, बास.

एक मात्र बघा: मोठ्या कंपनीची पीओ बऱ्याचदा आपोआप निघालेल्या मेलने येते आणि त्या पत्त्यावर कोणी बसलेलं नसतं. पत्त्यातच 'नो-रिप्लाय' लिहिलेलं असतं. त्याला उत्तर देऊन लोक निवांत बसतात. पीओच्या पीडीएफमध्ये बायरचं नाव आणि मेल असतो, खातरजमा तिकडे पाठवायची.

विषयाची ओळ

ऑफिसातल्या त्या नव्या पोराने पाठवलेल्या पहिल्या मेलचा विषय होता "अर्जंट". दुसऱ्याचा "व्हेरी अर्जंट". सहा महिन्यांनी मी शोधायला बसले तेव्हा अर्जंट नावाचे एकतीस मेल निघाले.

विषयात आधी पीओ किंवा बिल नंबर, मग वस्तू, मग काय हवंय. नवीन विषय असेल तर नवीन मेल. जुन्या मेललाच रिप्लाय करत करत दिवाळीच्या मिठाईच्या ऑर्डरखाली जीएसटीची तक्रार चालली होती, असंही आमच्याकडे झालंय. ड्रॉइंगची पीडीएफच मागा, फोटो नको. जीमेलवर 25 एमबीपर्यंत फाइल जोडता येते, आमच्या ड्रॉइंगला त्याच्या दहाव्या हिश्शाचीही गरज पडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच झालं तर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, म्हणजे ते दाबलं जात नाही.

पैशाच्या मेलचं गणित वेगळं

आम्ही सरकारची उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहोत. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात एक तरतूद आहे, जी आमच्यासारख्या अनेकांना ठाऊकच नसते. माल पोचल्यापासून 15 दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. आणि पेमेंटची मुदत करारात काहीही लिहिली तरी स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज.

आता यात तारखेला किती महत्त्व आहे बघा. माल कधी पोचला? हरकत कधी आली? म्हणून गाडी खाली झाली की त्याच दिवशी मी बिल, सही-शिक्क्याचं चलन आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट एकाच मेलला जोडून पाठवते. ग्राहकाने रिजेक्शन तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणते, "सर, किती नग आणि काय दोष ते मेलवर टाकता का, म्हणजे मला साहेबांना दाखवता येईल." साहेबांचं नाव पुढे केलं की काम होतं. थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलवर तक्रार टाकायची वेळ आमच्यावर एकदाच आली, तेव्हा पीओ आणि बिलं अपलोड करायला मला अर्धा तास लागला. शेजारच्या शेडवाल्यांना तीन दिवस लागले होते, कारण त्यांच्या ऑर्डरी चार जणांच्या फोनमध्ये.

व्हॉट्सॲपला कायद्यात किंमत नाही असं मात्र समजू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली चॅट असो की मेल, दोन्हीला प्रमाणपत्र जोडून पुरावा म्हणून ठेवता येतं. मेलवरच्या देवाणघेवाणीतून करार होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ट्रायमेक्स आणि वेदांता यांच्या वादात मान्य केलेलं आहे. अडचण असते ती पुरावा त्या दिवशी हातात असण्याची. म्हणून महत्त्वाच्या ग्राहकाचं चॅट महिन्यातून एकदा 'एक्स्पोर्ट चॅट' करून मी ऑफिसच्या मेलवर पाठवून ठेवते. अँड्रॉइड फोनवर चॅट उघडायचं, वरचे तीन ठिपके, 'मोअर', की तिथेच असतं. एक मिनिटाचं काम.

आणि "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा मेल आला तर हात जागेवर ठेवा. गेल्या वर्षी आम्हाला धातूचे बार पुरवणाऱ्याच्या नावाने आला. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, बाकी लेटरहेड, सही, सगळं हुबेहूब. मी त्या मेलमधला नंबर सोडून माझ्या डायरीतल्या नंबरवर फोन लावला. ते म्हणाले, "कसला बदल? आमचं खातं वीस वर्षं तेच आहे." पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

पत्ता माणसाचा नको, टेबलाचा हवा

त्या इंजिनिअरच्या निघून जाण्याने शिकवलेला धडा हा. कंपनीचं स्वतःचं डोमेन (पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घ्या आणि पत्ते कामाच्या नावाने काढा: परचेस, अकाउंट्स, डिस्पॅच. माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलायचा, मेल तिथेच राहतो. रिकव्हरीला जो मोबाइल नंबर दिलाय तो कंपनीच्या सिमचा आहे ना, तेही बघा. आमच्याकडे तो तीन वर्षं सोडून गेलेल्या अकाउंटंटचा होता. बिचारा चांगला माणूस, दर वेळी ओटीपी सांगायचा, पण रविवारी त्याच्या मुलाच्या मुंजीत ओटीपी मागायची पाळी आली तेव्हा मला लाज वाटली.

यातच एक गोष्ट आजच तपासा: जीएसटी पोर्टलवर तुमचा मेल कोणाचा आहे? नोंदणी करून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचाच टाकलेला असतो. नोटीस त्याच्याकडे जाते, तो शंभर जणांची कामं करत असतो, आणि आपल्याला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. पोर्टलवर रजिस्ट्रेशनमध्ये 'नॉन-कोअर फील्ड्स'ची दुरुस्ती असते, त्यात ऑथोराइज्ड सिग्नेटरीच्या पानावर मेल आणि मोबाइल बदलता येतो. दोन्हीवर ओटीपी येतो, तो टाकायचा आणि सही करून सबमिट करायचं.

साठलेला ढीग

लोक मेलला कंटाळतात ते बहुतेक वेळा जाहिरातींना कंटाळलेले असतात. जीमेलचे मोफत 15 जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, ते भरले की नवीन मेल यायचे थांबतात. ग्राहक म्हणतो पीओ पाठवली, आपण म्हणतो आली नाही. शोधायच्या चौकटीच्या उजव्या टोकाला छोट्या रेघांची खूण असते, ती दाबली की फॉर्म उघडतो: कोणाकडून, विषय काय, किती एमबीपेक्षा मोठा, कोणत्या तारखेच्या आसपास, जोडलेली फाइल आहे का. दहा एमबीपेक्षा मोठे मेल तिथून शोधा, बघून उडवा, ट्रॅश रिकामा करा. मग जाहिरातीचा एकेक मेल उघडून 'अनसबस्क्राइब'. मी हे गुरुवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचनंतर करते, तेव्हा कोणी नवीन काम काढत नाही.

घरचा मेल

माझी आत्येबहीण 2004 मध्ये मस्कतला गेली. निगडीतल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी तिला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. पानपानभर. सासूबाई, लोडशेडिंग, कैरीचं लोणचं कसं बिघडलं. ती तिकडून वाळूबद्दल लिहायची. आता आम्ही दोघी रोज व्हॉट्सॲपवर असतो आणि एकमेकींना गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो. बोलणं वाढलं, लिहिणं संपलं. मला त्याची फार खंत नाही, तिचा आवाज रोज ऐकू येतो. पण ते जुने मेल एका मोफत खात्यावर होते, मी ते खातं वर्षानुवर्षं उघडलं नाही आणि एक दिवस उघडायला गेले तर आत काही नव्हतं. लोणच्याचा मेल मला खरंच परत वाचायचा होता.

तेव्हा घरच्या जुन्या खात्यात काही जपण्यासारखं असेल तर अधूनमधून लॉगिन करत जा. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकू शकतात, हा त्यांचा जाहीर नियम आहे. सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, त्यात आपण ठराविक महिने दिसलो नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते भरून ठेवता येतं. नवऱ्याला मी त्यात टाकलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आईवडिलांचा मेल गप्पांसाठी नसतो, पण बँक, म्युच्युअल फंड, इन्शुरन्स आणि इन्कम टॅक्स तिथेच लिहितात. माझ्या आईचा पत्ता माझ्या भाच्याने काढून दिला होता आणि पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होता. तो हैदराबादला. इन्कम टॅक्सची इंटिमेशन (रिटर्न तपासल्याची सूचना) आली, पीडीएफ उघडेना. ती पॅन नंबर छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख सलग आठ आकड्यांत टाकली की उघडते, हे आम्हाला शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी सांगितलं. आता आईच्या खात्याची सगळी माहिती एका वहीत आहे, वही गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या किल्लीशेजारी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाते तेव्हा आम्ही दोघी तिचा मेल उघडतो. ती चष्मा लावून शेजारी बसते आणि प्रत्येक मेलला विचारते, "हा खरा का खोटा?" खोटे मी उडवते. खरे बहुतेक वेळा दोनच निघतात.